कचराकुंडीला कुलूप कशाला?

कचऱ्याला कुलूप? तो काय कोणी चोरून नेणार आहे? कार्ड दाखवल्यावरच उघडणाऱ्या कचराकुंडीचा विषय कुठेही काढा, पहिला प्रश्न हाच येतो. थोड्या वेळाने दुसरा येतो: कार्ड घरी विसरले तर पिशवी हातात धरून माघारी जायचे का? आणि कोयनानगरकडचा माणूस असेल तर तो तिसरा प्रश्न हमखास विचारतो: आमच्या पावसात ते टिकणार का? हा तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. त्याच्यापर्यंत पोचायला आधी पहिल्या दोन प्रश्नांची वाट चालावी लागते.

१. कचरा चोरीला जात नाही, जागा जाते

कोयनानगर हे पाटण तालुक्यातले, धरणाच्या आधाराने वाढलेले गाव. कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता इथून जातो आणि पुढे कुंभार्ली घाट उतरतो. पावसाळ्यातल्या रविवारी धरण, नेहरू उद्यान आणि नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पाहायला गाड्यांवर गाड्या येतात.

समजा या रस्त्यालगत साठ घरांसाठी एक मोठी कुंडी ठेवली आहे. चाकांच्या अशा कुंड्या बहुधा १,१०० लिटरच्या असतात. एका घरातून दिवसाला ६ लिटर कचरा निघतो असे धरले, तर साठ घरांचा झाला ३६० लिटर. म्हणजे गाडी तीन दिवसांनी आली तरी कुंडी जेमतेम पुरते. आता शनिवारी सकाळी गाडी कुंडी रिकामी करून गेली. शनिवार-रविवारचा घरांचा कचरा ७२० लिटर. रविवारी दुपारी रस्त्यावरच्या एका हॉटेलने ६० लिटरच्या दहा पिशव्या आणून टाकल्या, म्हणजे आणखी ६००. बेरीज १,३२०. रविवार मावळण्याआधीच कुंडी भरून वाहते. सोमवारी साठ घरांच्या पिशव्या कुंडीच्या बाहेर पडतात, कुत्री त्या फाडतात, आणि घाण करतात म्हणून नाव त्या साठ घरांचे होते.

कुलूप असते ते या दहा पिशव्यांसाठी. आतले बाहेर जाऊ नये याची काळजी तिजोरीला असते. कुंडीला काळजी असते ती बाहेरचे आत येण्याची. ही उलटापालट एकदा लक्षात आली की पुढचे सगळे यंत्र समजायला सोपे जाते.

२. साधी किल्ली का नको

साठ घरांना साठ किल्ल्या करून दिल्या तर? खर्च नगण्य, वीज नको, पाऊस-वाऱ्याची भीती नको. पण एक किल्ली हरवली, किंवा एक भाडेकरू किल्ली घेऊनच गाव सोडून गेला, की कुलूप बदलावे लागते आणि साठच्या साठ किल्ल्या पुन्हा कराव्या लागतात. शिवाय बाजारातला किल्लीवाला पाच मिनिटांत दुसरी किल्ली घासून देतो. सहा महिन्यांत साठाच्या नव्वद किल्ल्या होतात आणि कुलूप असून नसल्यासारखे होते.

कार्डाचे तसे नाही. प्रत्येक कार्डात एक वेगळा क्रमांक असतो. हरवले तर यादीतून तेवढा क्रमांक खोडायचा, बाकी एकोणसाठ घरांना पत्ताही लागत नाही. घरी विसरले तर मात्र, किल्लीसारखेच, पिशवी घेऊन माघारी जावे लागते.

यावर चाणाक्ष वाचक विचारेल: हॉटेलवाल्याने शेजाऱ्याचे कार्ड मागून घेतले तर? घेईलच. ते कुठलेच यंत्र थांबवू शकत नाही. फरक इतकाच की ३७ क्रमांकाच्या कार्डाने रविवारी दुपारी वीस मिनिटांत दहा वेळा झाकण उघडले, ही नोंद राहते. मग ३७ क्रमांकाच्या घरी जाऊन विचारता येते. कार्डाची ताकद अडवण्यात थोडी आणि अनामिकपणा घालवण्यात जास्त आहे.

हपिसांत किंवा मॉलमध्ये हात पुढे केला की उघडणारा कचऱ्याचा डबा असतो, तो या जातीतला धरू नये. तो कोणाच्याही हाताला उघडतो. त्याला माणूस ओळखायचा नसतो, फक्त हात आहे एवढेच कळते.

३. कार्डात वीज येते कुठून

हे कार्ड हातात घेऊन पाहिले तर त्यात ना बॅटरी, ना बटण. तरी ते कुंडीवरच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राजवळ (त्याला वाचक म्हणू) धरताच आपला क्रमांक सांगते. त्याला बोलायला वीज कोण देते?

उत्तर कोयनेच्या माणसाला परके नाही. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत ठेवले तर तारेत वीज निर्माण होते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जाऊन चक्र फिरवते तेव्हा तेच घडते: पाण्याच्या जोरावर चुंबक फिरतो, भोवतीच्या वेटोळ्यांतून जाणारे क्षेत्र बदलते, वीज तयार होते. कार्डाच्या प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये असेच तारेचे चपटे वेटोळे आणि त्याला जोडलेली मोहरीएवढी चिप असते. कुंडीवरचा वाचक आपल्या वेटोळ्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा मागे-पुढे होणारा प्रवाह सोडतो. त्याचे क्षेत्र कार्डाच्या वेटोळ्यात पोचते आणि चिपपुरती वीज तिथल्या तिथे तयार होते. चिप जागी होते, क्रमांक सांगते. कार्ड दूर नेले की पुन्हा निर्जीव.

कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. कार्डाची भूक मिलिवॉटभर धरली तर दोहोंत सुमारे दोन लाख कोटी पटींचे अंतर आहे, आणि तत्त्व एकच.

हे क्षेत्र काही सेंटिमीटरच पोचते. ती उणीव नाही, सोयच आहे. नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या खिशातल्या कार्डानेही झाकण उघडले असते.

सगळी कार्डे सारखी पक्की नसतात, हेही सांगायला हवे. स्वस्तातली जुनी कार्डे विचारणाऱ्या कोणालाही आपला क्रमांक सांगतात, त्यामुळे त्यांची नक्कल सहज होते. बस आणि कार्यालयांत जगभर वापरल्या जाणाऱ्या मायफेअर क्लासिक या कार्डाची गुप्तलिपी २००८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेखन विद्यापीठाच्या संशोधकांनी फोडून दाखवली. चांगली कार्डे क्रमांक उघड बोलत नाहीत. वाचक दर वेळी नवे कोडे घालतो, कार्ड आतल्या गुप्त संख्येने ते सोडवून फक्त उत्तर देते. नुसती कुंडी उघडायची असेल तर इतका बंदोबस्त लागतोच असे नाही. पण उघडण्यागणिक पैसे आकारायचे असतील तर लागतो, कारण मग शेजाऱ्याच्या नावावर कचरा टाकण्यात फायदा असतो.

४. झाकणाच्या आत

कार्डाने सांगितलेला क्रमांक खरा की खोटा, हे ठरवतो कुलपातला छोटा संगणक. त्यासाठी त्याने दर वेळी दूरच्या कार्यालयाला विचारायला हवे असे नाही. ज्यांना परवानगी आहे अशा क्रमांकांची यादी त्याच्या स्मृतीतच ठेवलेली असते. दिवसातून तीन-चारदा मोबाइलच्या जाळ्यावरून ती यादी ताजी करून घेतली आणि दिवसभराच्या नोंदी पाठवल्या की झाले. डोंगराच्या कुशीतल्या गावांना ही रचना फार मोलाची, कारण रेंज गेली म्हणून झाकण अडत नाही.

क्रमांक यादीत सापडला की छोटी मोटर कडी मागे ओढते. नुसते झाकणच उघडणारी कुंडी असेल तर एकाने उघडल्यावर मागचे चार जण पिशव्या टाकून जातात. म्हणून नेदरलँड्समधल्या अनेक शहरांत जमिनीखालच्या मोठ्या पेट्यांवर फिरते पिंप बसवलेले असते. टपालपेटीत पत्र टाकता येते पण हात घालून काढता येत नाही, तसे हे पिंप. कार्ड दाखवले की तोंड आपल्याकडे येते, त्यात एक पिशवी मावते, फिरवले की पिशवी खाली पडते आणि तोंड बंद. दुसऱ्या पिशवीला पुन्हा कार्ड.

याचा एक आडफायदा आहे. पिंपात एका वेळी जास्तीत जास्त ६० लिटर मावतात आणि खालची पेटी ५,००० लिटरची आहे असे समजू. पिशव्या सरासरी निम्म्याच भरलेल्या असतात असा अनुभव आला, तर एका फेरीला ३० लिटर. १३० वेळा पिंप फिरले की पेटी साधारण ३,९०० लिटर भरली, म्हणजे गाडी पाठवायची वेळ झाली. कोणी वाकून पाहायला नको.

आणि बिनकिल्लीची कुंडी पुरती बिनकिल्लीची कधीच नसते. रिकामी करणाऱ्या सफाई कामगारासाठी मागचे दार असते, त्याला लोखंडी किल्लीच लागते. यंत्र बंद पडले की तीच कामी येते.

५. जुलै महिन्यातली बॅटरी

आता तिसरा प्रश्न. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या घरात असतो. म्हणजे माणमधल्या दहिवडीला जे कुलूप बिनतक्रार चालेल, ते इथे चालेलच असे नाही.

रस्त्यावरच्या कुंडीला वीजजोडणी देणे खर्चाचे, म्हणून बॅटरी आणि वर सौरपट्टी असते. जून ते सप्टेंबर इथे सूर्य ढगाआडच. तेव्हा सौरपट्टी शून्य धरून हिशेब करावा.

बॅटरी घेऊ ७,००० मिलिअँपिअर-तासांची. याचा अर्थ, १ मिलिअँपिअर प्रवाह सतत घेतला तर ती कागदावर ७,००० तास पुरेल. दिवसाचा खर्च असा. मोटर एकदा कडी ओढते तेव्हा ५०० मिलिअँपिअर, २ सेकंद. दिवसात ४० वेळा झाले की ११ मिलिअँपिअर-तास. नोंदी पाठवताना २०० मिलिअँपिअर, ३० सेकंद. दिवसात चारदा, म्हणजे ७. आणि कोणी येत नसताना कार्डाची वाट पाहत बसायचे १ मिलिअँपिअर, पण चोवीस तास, म्हणजे २४. एकूण ४२.

मौज अशी की कडी ओढण्यापेक्षा नुसती वाट पाहण्यात दुपटीहून जास्त वीज जाते.

शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ३,५००. भागिले ४२, झाले ८३ दिवस. पावसाळा १२२ दिवसांचा. म्हणजे हे कुलूप ऑगस्टच्या उत्तरार्धात, गौरी-गणपतीच्या सुमारास, बंद पडणार. आता त्याच कुलपाची झोपेतली भूक १ ऐवजी ०.१ मिलिअँपिअर असेल तर चोवीस तासांचे २४ वरून २.४ होतात, एकूण होते सुमारे २०, आणि कुलूप १७० दिवसांहून जास्त चालते. पावसाळा निभावला. विक्रेता मोटरची ताकद, रंग, अॅप सगळे सांगतो. झोपेतली भूक किती, हे आपणच विचारायचे असते.

पाण्याचा बंदोबस्त पाहण्यासाठी आयपी हा आकडा असतो. त्यातला पहिला अंक धुळीबद्दल, दुसरा पाण्याबद्दल. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि नळीने मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्यात टिकते. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आयपी ६७ पेक्षा कमी घेऊ नये. तरीही हे आकडे स्वच्छ पाण्यासाठीच्या चाचण्यांचे आहेत. ओल्या कचऱ्यातून झिरपणारे आंबट पाणी लोखंड खाते, त्याचा आकडा कुठल्याच पाटीवर नसतो.

६. सोलमधले वजनकाटे

या तंत्राचा सगळ्यांत गाजलेला वापर दक्षिण कोरियात झाला. तिथे २००५ पासून अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरायला बंदी आली आणि २०१३ पासून जितका अन्नकचरा तितके पैसे, ही पद्धत देशभर लागू झाली. सोलमधल्या अनेक वसाहतींत कार्ड दाखवल्यावर झाकण उघडते, टाकलेल्या कचऱ्याचे वजन पडद्यावर दिसते आणि ते त्या घराच्या खात्यावर जाते.

आपल्या पैशांत मांडून पाहू. घरचा ओला कचरा रोज दीड किलो, महिन्याला ४५. किलोला २ रुपये दर धरला तर ९० रुपये. ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असते. गृहिणीने तो चाळणीत निथळून टाकला आणि वजन पाचव्या हिश्श्याने उतरले तर ३६ किलो, ७२ रुपये. वाचले अठराच रुपये, पण पालिकेच्या गाडीने वाहून न्यायचे पाणी दर घरामागे ९ किलोंनी कमी झाले.

याची दुसरी बाजू युरोपात दिसते. टाकायला पैसे पडू लागले की काही पिशव्या कुंडीच्या शेजारी, काही नाक्यावरच्या उघड्या डब्यात, काही पलीकडच्या गावात जाऊन पडतात. कुंडीला कुलूप लावता येते, ओढ्याला लावता येत नाही.

७. वानर आणि अस्वल

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तो साताऱ्यापासून सांगलीकडे उतरतो. इथे वानरे आहेत, लाल तोंडाची माकडे आहेत, रानडुकरे आहेत, अस्वलेही आहेत. उघडी कुंडी त्यांना माणसाच्या अन्नाची चटक लावते.

इथे मात्र इलेक्ट्रॉनिक कुलपाची काही गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वलांसाठी जे डबे असतात, त्यांची कडी एका लोखंडी खोबणीच्या आत असते. माणसाची बोटे आत वळतात, अस्वलाचा पंजा शिरत नाही. ना बॅटरी, ना यादी. गावातल्या वेल्डिंगवाल्याला नमुना दाखवला तर तो करून देईल. माकडाची बोटे आपल्यासारखीच, म्हणून कडीला जोरकस स्प्रिंग हवी.

८. शेजारच्या गावांनी धरलेली वाट

महाराष्ट्राने मात्र कुंडीला कुलूप लावण्याऐवजी कुंडीच उचलली. कुंडीमुक्त शहर आणि दारात घंटागाडी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन वाटे करणे बंधनकारक केले, आणि स्वच्छ सर्वेक्षणात दारोदार गोळा करण्याला, वर्गीकरणाला गुण मिळू लागले. एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला क्रमांक २०२० मध्ये कराडला, २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विट्याला आणि २०२२ मध्ये पाचगणीला मिळाला. तीन वर्षे, तीन गावे, दोन शेजारी जिल्हे. (२०२२ चा दुसरा क्रमांक पाटणचा होता, पण ते छत्तीसगडमधले पाटण, आपल्याकडच्यांनी उगाच हुरळून जाऊ नये.)

घंटागाडीच्या पद्धतीत ओळख पटवायचे काम कोण करतो? कामगार. तो घर ओळखतो, मिश्र कचरा दिसला तर परत करतो. अनेक शहरांत घराच्या दारावर क्यूआर कोडची पाटी असते, कामगार ती मोबाइलने टिपतो. कुंडी तुमचे कार्ड वाचते त्याऐवजी गाडी तुमचे दार वाचते, एवढाच फरक. धोकाही सारखाच. अमुक घरातून चार दिवस कचरा आला नाही, म्हणजे घर बंद आहे, हे त्या नोंदींतून कळते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अशा नोंदी कोण पाहतो आणि किती दिवस ठेवतो, हे नागरिकाने विचारायला हवे.

पुण्याचा अनुभव याहून जुना. तिथे १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि त्याच दशकात महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे कचरा वेचणाऱ्या बायांना मिळाली. मला विचाराल तर आपल्याकडचे कचऱ्यात प्रवेश देणारे पहिले कार्ड ते. चिप नव्हती, फोटो आणि शिक्का होता, आणि कोणी चोर म्हणून हटकले तर दाखवायला ते पुरायचे. पुढे २००८ पासून स्वच्छ या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलायला सुरुवात केली. कुंडीला कुलूप घालणाऱ्याने या बायांचा विचार आधी करायला हवा. साठ घरांना कार्डे वाटली आणि भंगार वेचून पोट भरणारीला दिले नाही, तर ते कुलूप तिच्या चुलीला लागते.

९. मग कोयनानगरला काय लावावे

वस्तीच्या घरांसाठी कार्डाची कुंडी घेऊ नये. तिथे घंटागाडीच बरी. ती रोज ठरल्या वेळी येत असेल तर कुलपाचे कामच उरत नाही, आणि येत नसेल तर कुलूपबंद कुंडीही भरून वाहणारच. पर्यटकाला कार्ड देता येत नाही. तो दोन तासांसाठी येतो. त्याच्यासाठी उद्यानाच्या आणि धबधब्याच्या वाहनतळावर लहान तोंडाचे, खोबणीतल्या कडीचे लोखंडी डबे हवेत. बाटली आणि वेष्टन जाईल, हॉटेलची पिशवी जाणार नाही, इतकेच तोंड ठेवावे.

कार्डाचे कुलूप शोभेल ते एकाच जागी: हॉटेले, खानावळी आणि टपऱ्या यांच्या सामाईक कुंडीवर. टाकणारे मोजके, नावानिशी ठाऊक, कचरा पुष्कळ, आणि वजनाप्रमाणे शुल्क घ्यायला सबळ कारण. तिथे वजनकाट्यासह एक कुंडी वर्षभर चालवून पाहावी, आणि भंगार वेचणाऱ्या महिलांनाही त्याच यादीत कार्ड द्यावे.

ग्रामपंचायतीने ती घेण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: सौरपट्टी झाकून ठेवली तर कुलूप किती दिवस चालते, आणि बंद पडले तर दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो. पहिले उत्तर १२२ दिवसांपेक्षा कमी असेल तर ते कुलूप इथे घेऊ नये.